उपशाची मोटार

॥ श्री ॥

ता. ३ मे

चि. खड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल काल दुपारी पोचलं. आलेल्या वस्तू अशा : गरम शाल एक, कंपासपेटी एक, कोऱ्या वह्या सहा, काचेच्या बरण्या दोन, पैकी एक फुटकी. शालीवरची किमतीची चिठ्ठी काढायला विसरलास, म्हणून पंचेचाळीस रुपये कळले. टपालाचे अकरा रुपये तिकिटांवरून मोजले. फुटकी बरणी तुझ्या नावावर टाकली आहे. लहानपणापासून खिशात खडे भरून हिंडलास, ते कधी फुटले नाहीत, म्हणून काचही तशीच बांधायची का रे? शाल मात्र उबदार आहे. तुझी भाची ठकी कंपासपेटी उशाशी घेऊन झोपली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खनिजाचा भाव पडला, खाणी एकामागून एक बंद पडल्या, आणि मुलंही तुझ्या विभागाकडे फिरकेनाशी झाली. काम नाही, मुलं नाहीत, मग खाणकाम शिकवायचा विभाग हवाच कशाला, असं कुलसचिव तोंडावर म्हणाले, हे वाचून जीव खालीवर झाला. ऑगस्टात समिती येणार आणि तिने नाही म्हटलं की विभागाला कुलूप. तुला कुठेतरी दुसऱ्या खात्यात बसवतील, पण वरच्या वर्गांतली ती सहा मुलं अर्ध्या वाटेवर राहतील, ही तुझी काळजी बरोबर आहे.

मंदी काय असते ते मला सांगायला नको. तुझ्या विभागाशेजारची आमची मोठी खाण बंद पडून दोन वर्षं झाली. वीस वर्षं तिथे पंप सांभाळलेला माणूस आता इथे धान्याच्या गोदामात पोत्यांची नोंद करतो. हे खाणीचं नाव काढत नाहीत. खाणीतले बूट कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत, ते मीही काढत नाही.

मी मॅट्रिकपुढे शिकले नाही, पण निम्म्या पगारात घर चालवून दाखवलं आहे. तेव्हा माझं ऐक. नको असलेल्या खोल्या बंद कर. कागद पाठपोट वापर. आणि ती मोटार. तू लिहिलं होतंस की विभागाच्या मागच्या डोंगरात मुलांना शिकवायला जी लहान खाण आहे, तिच्यातलं पाणी उपसायला मोटार दिवसरात्र चालते आणि निम्मं बिल तिचंच येतं. अरे, मी घरची मोटार सकाळी अर्धा तास लावते, टाकी भरते, दिवस निघतो. ते पाणी निदान वापरता तरी येतं. तू तर नुसतं फेकून देतोस! सकाळ-संध्याकाळ लाव की, पुरे.

ठकीची परीक्षा पार पडली. तिला हिशेबाच्या अभ्यासक्रमाला घालावं असं माझ्या मनात आहे. ती हो म्हणते, पण हो म्हणताना मान भलतीकडे हलते.

देवाजवळ तुझ्यासाठी रोज मागणं आहे, त्याला खर्च नाही. बाकी सगळीकडे हात आखडता घे, लोभात तेवढा घेऊ नकोस.

तुझी,
ताई

*

ता. २० जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

फुटक्या बरणीची रक्कम मान्य. पुढच्या भेटीत वळती करून घे.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. सातांपैकी चार खोल्या बंद केल्या. जुन्या नकाशांच्या पाठीवर मुलांनी परीक्षा दिली, एकाने उत्तराऐवजी मागची नदीच बघत बसल्याचं कबूल केलं. मोटार सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास लावतो. वायरमनची जागा रिकामीच आहे, तेव्हा स्विच दाबायला मीच जातो. पहिलं बिल आलं तेव्हा वित्त अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून अभिनंदन केलं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून आलेला हा पहिला गोड शब्द. सल्लागार मॅट्रिक आहे आणि फी म्हणून बरणी घेते, हे मी त्यांना कळवलेलं नाही.

काळजी करू नकोस, आंधळेपणाने केलं नाही. शिकाऊ खाणीत दोन बोगदे आहेत, वरचा कोरडा आणि खालचा ओला. खालच्यात रोज किती पाणी झिरपतं याच्या दहा वर्षांच्या नोंदी काढून बसलो. चार तास उपसा पुरतो.

तू विचारशील, एवढा जीव का टाकतोस. ताई, भाव पडले की आम्हाला कुणी विचारत नाही, आणि चढले की तेच लोक धावत येतात, इंजिनियर द्या म्हणून. इंजिनियर चार वर्षांत तयार होतो. त्याला शिकवणारा माणूस व्हायला पंधरा वर्षं लागतात, आणि तो एकदा पोटासाठी दुसरीकडे गेला की परत येत नाही. विभाग मोडायला एक सही लागते. उभा करायला मी तरी परत असणार नाही.

भाऊजींना नमस्कार. ठकीला सांग, कंपासपेटी झोपायची वस्तू नाही. तुझा राग आणि लोभ दोन्ही असेच येत राहोत.

तुझा,
खड्या

*

॥ श्री ॥

ता. ३० जून

चि. खड्यास अनेक आशीर्वाद.

वित्त अधिकाऱ्यांची चिठ्ठी जपून ठेव, असे योग पुन्हा येत नाहीत. मला इतका आनंद झाला की देवापुढे दिव्यात तूप जरा जास्तच घातलं.

पण एक गोष्ट झाली. ठकी तुझं पत्र मोठ्याने वाचत होती, हे जेवत होते. मोटारीचं आलं आणि ह्यांचा घास हातातच राहिला. तेवढं पुन्हा वाच म्हणाले. मग म्हणाले की खड्याच्या दहा वर्षांच्या नोंदी आता उपयोगाच्या नाहीत. त्या काळात शेजारी आपली मोठी खाण चालू होती आणि तिचे पंप सगळ्या डोंगराचं पाणी ओढत होते. ते पंप बंद झाले त्या दिवसापासून मोठी खाण भरत चालली आहे. पाणी तुमच्या खालच्या बोगद्याच्या पातळीला आलं की खडकातून तुमच्याकडे वळणार, आणि दोन वर्षं झाली, म्हणजे ते आलंच असेल. मोटार एक मिनिटही बंद ठेवू नये, आजच्या आज लिही, असं म्हणाले. मला त्यातलं सगळं कळलं नाही, पण बोलले तसं उतरवून काढलं. दोन वर्षांत मिळून हे एवढं बोलले नसतील. जेवण तसंच राहिलं, ते मात्र मला पटलं नाही.

तुझा स्वेटर होत आला आहे, एकच बाही राहिली. आठवड्यात उरकते आणि हे पत्र त्याच पार्सलात घालते, म्हणजे तिकीट पुन्हा नको.

ठकीने हिशेबाच्या कॉलेजचं माहितीपत्रक आणलं. त्याचा पंखा करून वारा घेते.

तब्येतीला जप. आठवण ठेव, तिला तिकीट लागत नाही.

तुझी,
ताई

*

ता. १२ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

स्वेटर काल पोचला. खांद्यात अगदी बरोबर बसतो. पत्र डाव्या बाहीत होतं.

परवा सकाळी स्विच दाबायला गेलो, तर खालच्या बोगद्यात उतरायची शिडी पहिल्या तीन पायऱ्यांनंतर दिसेना. पाणी. एका रात्रीत चढलेलं, काळं, अगदी शांत, वर माझ्या दिव्याचा ठिपका. रूळ, ढकलगाडी, मुलांना शिकवायचं एकुलतं एक ड्रिल मशीन, सगळं खाली. मोटारही बुडाली, त्यामुळे स्विच दाबूनही उपयोग नव्हता, तरी मी दाबला.

चूक माझी आहे. भाऊजी म्हणाले तेच झालं. दहा वर्षांच्या कागदांत मी डोकं घातलं, आणि बंद पडलेली मोठी खाण, जी रोज खिडकीतून दिसते, तिच्याकडे पाहिलं नाही. हे मी पहिल्या वर्षाला शिकवतो, ताई. पहिल्या वर्षाला.

समिती नऊ ऑगस्टला येते. पाणी पाहिलं की त्यांना आणखी कारण लागणार नाही. तेव्हा मनात असं आहे की खालच्या बोगद्याच्या दाराला कुलूप लावावं, दुरुस्ती चालू आहे म्हणावं, आणि वरचा कोरडा बोगदा दाखवून चहा पाजावा. दुरुस्ती करायचीच आहे, त्यामुळे अगदी खोटंही नाही.

दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला होता. दुसऱ्या कॉलेजात जागा बघू का, असं फार हळू आवाजात त्याने विचारलं. मी त्याला स्वेटर दाखवला.

तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे, सध्या तेवढंच कोरडं आहे.

तुझा,
खड्या

*

॥ श्री ॥

ता. १५ जुलै

चि. खड्यास अनेक आशीर्वाद.

माझ्या पत्रावरची तारीख तू पाहिलीस आणि एक शब्द लिहिला नाहीस. बाही विणत मी आठ दिवस ते पत्र कपाटात ठेवलं. हे रोज विचारायचे, टाकलंस का, आणि मी म्हणायची, टाकतेच आहे. मोटार बंद कर म्हणणारी मी, आणि चालू कर म्हणायला तिकीट वाचवणारीही मीच. देवापुढे नाक घासलं. आज हे पत्र जादा तिकीट लावून पाठवते आहे. ते कोणत्या खर्चात धरावं कळेना, शेवटी औषधपाण्यात लिहिलं.

तुझं पत्र ऐकून ह्यांनी हात धुतले, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून बूट काढले. अंगणात बसून त्यांना तेल लावलं. गोदामात बिनपगारी रजा टाकून मंगळवारच्या बसने तुझ्याकडे येताहेत. ठकीही हट्ट धरून बसली आहे. बाबांच्या डब्याचं कोण बघणार, म्हणते. घरात पाण्याचा पेला उचलून न ठेवणारी मुलगी!

आता नीट वाच. ह्यांना खोकला आहे, ओल्या कपड्यांत बसू देऊ नकोस. चहात साखर कमी. ठकीने बाहेर दाराशी बसायचं, खाली उतरायचं नाही, हे तिला चार वेळा सांगितलं आहे, पाचव्यांदा तू सांग.

कुलूप लावायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. सल्ला द्यायची माझी पाळी संपली. तुझ्यावरचा जीव तेवढा आहे तसाच आहे, त्याला ओल लागलेली नाही.

तुझी,
ताई

*

ता. २७ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला बरा आहे. साखर कमी आहे. मी बाहेर दाराशी बसले. एक दिवस.

रागावू नकोस, बाबांनीच खाली बोलावलं. त्यांना कुणीतरी दिवा धरायला हवा होता आणि मामा पंपाची नळी धरून होता. विहिरी खोदणाऱ्यांकडून भाड्याने पंप आणला आहे. आमची बुडालेली मोटार साखळीने वर ओढली, वाळवली, तिच्या तारा पुन्हा गुंडाळल्या. विभागातली सहाच्या सहा मुलं कामाला आहेत. बाबा भिंतीवर खडूने पाण्याची रेघ मारतात, मग थोड्या वेळाने दुसरी, आणि प्रत्येक रेघेला मुलांना विचारतात की आता किती पाणी आत येत असेल ते सांगा. पहिले दोन दिवस पाणी हटेचना. एक जण वैतागून म्हणाला की आपण समुद्र उपसतो आहोत. बाबा म्हणाले, समुद्र असता तर निदान मासे मिळाले असते. आई, बाबा विनोद करतात! तुला माहीत होतं?

परवा खाली उतरलेल्या रेघांशी आम्ही दोघंच बसलो होतो. बाबांनी सांगितलं की मोठी खाण बंद झाली तेव्हा शेवटचा पंप त्यांनीच बंद केला, वरून तसा हुकूम होता. वीस वर्षं कानात असलेला आवाज थांबला आणि मग खडकातून पाण्याचे थेंब पडताना ऐकू आले. ते थेंब अजून घरात, जेवताना, ऐकू येतात म्हणाले. तुला सांगितलं नाही, कारण तू त्यावरही काहीतरी काढा केला असतास.

मामाने कुलूप विकत आणलं होतं. बाबांनी ते हातात घेऊन बघितलं आणि चांगलं आहे म्हणाले. मग म्हणाले, येणारी माणसं हिशेबाची आहेत, त्यांना दोन्ही बिलं दाखव, वाचलेलं आणि बुडालेलं. आणि भिंतीवरच्या रेघा पुसू नकोस. मामा रुसला, चहा न घेता निघून गेला. संध्याकाळी कुलूप दुकानात परत करून आला. दुकानदाराने एक रुपया कापला, तो तुझ्या वहीत लिही.

मला तुला एक विचारायचं आहे, ते घरी आल्यावर विचारीन. बाबांना खालीच विचारलं. तिथे अंधार असतो, त्यामुळे समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठकी

*

ता. ११ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

समिती येऊन गेली. काय झालं ते क्रमाने सांगतो, नाहीतर तू शेवटचा परिच्छेद आधी वाचशील.

वरचा बोगदा त्यांनी हात मागे बांधून पाहिला. कुलसचिवांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग मी खालच्या बोगद्याचं दार उघडलं. वित्त अधिकारी उतरायला तयार झाले, पण त्यांच्या पायाच्या मापाचे बूट आमच्याकडे नव्हते. शेवटी भाऊजींनी स्वतःचे काढून दिले आणि आपण वर अनवाणी उभे राहिले. तेव्हा समितीने विभाग पाहिला तो भाऊजींच्या बुटांत, हे तुझ्या वहीत जरूर लिही.

खाली घोट्याएवढं पाणी होतं. मोटार चालू होती. मी सगळ्यात वरची खडूची रेघ दाखवली. ती वित्त अधिकाऱ्यांच्या टोपीच्या वर होती. ते तिच्याखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग मी त्यांचीच अभिनंदनाची चिठ्ठी खिशातून काढली आणि सांगितलं की दोन बिलांत एवढं वाचवलं, आणि ते वाचवल्यामुळे दीड वर्षाच्या विजेएवढा खर्च आला. चूक माझी होती हेही सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.

इथे कुणी काही खणत नसताना पाणी आलंच कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शेजाऱ्याने उपसा थांबवला म्हणून. खाण बंद करता येते, पाणी बंद करता येत नाही. त्यावर ते म्हणाले की मग इथे ही मोटार नसती तर पाणी पुढे कुठे गेलं असतं. मी नकाशा दाखवला. डोंगराच्या त्या बाजूला वसतिगृह आहे आणि त्याखाली वस्ती. ते पाणी कुठे पोचलं यावर लक्ष कोण ठेवणार, असं त्यांनी विचारलं. मी वर शिडीशी उभ्या असलेल्या मुलांकडे बोट दाखवलं. त्यानंतर कुलसचिवांनी घड्याळ पाहिलं नाही.

आज पत्र आलं. विभाग बंद होत नाही. मंदी आहे तोवर एक वर्षाआड प्रवेश द्यायचे. मधल्या वर्षी आम्ही बांधकामाच्या मुलांना बंद खाणींचं पाणी आणि खचणारी जमीन हा विषय शिकवायचा. मोटारीचं बिल विभागाच्या डोक्यावरून काढून विद्यापीठाच्या सामायिक खर्चात टाकलं आहे, रस्त्यावरच्या दिव्यांसारखं. दोन रिकाम्या जागा भरणार नाहीत, चार खोल्या बंदच राहतील, माझा भत्ताही गेला. पण मोडलं नाही, ताई. ते सहा जण पुरे करतील. दुसऱ्या वर्षाचा तो मुलगा आला, फळा पुसून गेला.

यंदाचा वर्ग तिघा जणांवर सुरू करायला परवानगी आहे आणि तिघं आले आहेत. हे मुद्दाम लिहितो. ठकीने माझ्याकडे प्रवेशाचा अर्ज मागितला. मी दिला नाही. तिच्यावाचून माझं काही अडलेलं नाही, आणि माझी बाकं भरायला तू मुलगी द्यावीस असं मला स्वप्नातही नको. भाव अजून पडलेलाच आहे. चार वर्षांनी चढेल की नाही, मी सांगू शकत नाही. तिला हात आहे आणि डोळा आहे, एवढंच सांगतो. पुढे तू आणि भाऊजी.

तुम्ही सगळे आहात म्हणून मी आहे. त्यात कपात होऊ देऊ नका.

तुझा,
खड्या

*

॥ श्री ॥

ता. १६ ऑगस्ट

चि. खड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल संध्याकाळच्या बसने पोचलेला माल असा : ठकीचे बाबा, खोकल्यासह. ठकी, गुडघ्यावर खरचटलेली. बूट एक जोडी, ओले, कुणा मोठ्या पायाने ताणलेले. तुझ्या बागेतली लिंबं अकरा. बसभाडं दोघांचं मिळून अठ्ठावीस रुपये, बिनपगारी रजेचा खर्च वेगळा, तो मी अजून मांडलेला नाही आणि मांडणारही नाही.

तुझं पत्र मी शेवटच्या परिच्छेदापासूनच वाचलं.

हे घरी आल्यापासून बोलताहेत. आज गोदामातल्या कारकुनाला पाणी कसं वळतं ते समजावत उशिरा आले. बूट माळ्यावर ठेवू का विचारलं, तर दाराशीच असू दे म्हणाले. घर जरा अस्ताव्यस्त दिसतं, पण असू दे.

ठकीने रात्रीची भांडी न सांगता घासली, तेव्हाच ओळखलं. मग तिने विचारलं. मी ओरडले. दोन वर्षं मी या घरात काय काय सोसलं ते सगळं बोलून दाखवलं. ती खाली मान घालून ऐकत होती आणि हे तिच्या शेजारी तशीच मान घालून बसले होते, जणू अर्ज दोघांनी मिळून केलाय. मी देवापुढे जाऊन बसले. देव काही बोलला नाही, त्याची रीतच आहे. मग सवयीने खर्चाच्या जुन्या वह्या चाळल्या. त्या दोन वर्षांत मी दूध कमी केलं, वर्तमानपत्र बंद केलं, माझं चष्म्याचं काम पुढे ढकललं. ठकीची शाळेची फी मात्र एकदाही मागे राहिलेली नाही. ती मी कशाच्या आशेने भरत होते, तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तेव्हा अर्ज पाठव. सही ह्यांची आणि माझी, दोघांची होईल. तुझी बाकं भरायला देत नाही, हे लक्षात ठेव, आणि मामा म्हणून तिला एक गुणही जास्त देऊ नकोस. ती कंपासपेटी आतापासून भरून बसली आहे.

लोभ होता तेवढाच आहे, फक्त आता त्यातला एक वाटेकरी तुझ्या दारी येतो आहे. सांभाळ.

तुझी,
ताई

ता. क. माझी मुलगी त्या खालच्या बोगद्यात उभी राहणार. मी इथे सकाळी दिवा लावीन, पण तिथे मोटार दिवसरात्र चालू आहे ना, तेवढं उलट टपाली कळव. नुसतं तेवढंच लिहिलंस तरी चालेल. तिकिटाकडे बघू नकोस.